पाय धुण्याचं पान

आमच्या गावच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचा इतिहास दुबईत लिहिला जातोय, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका एसी मीटिंग रूममध्ये. गावचे आम्ही चौघे इथे नोकरीला, म्हणून चर्चच्या स्मरणिकेचं काम आमच्या गळ्यात पडलं. आमच्यातल्या सगळ्यात शिकलेल्याने पाय धुण्याच्या विधीवर अख्खं पान लिहिलं. प्रभुभोजनानंतर बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे पाय धूत, कसलाही भेदभाव न मानता.

वाचून माझं डोकंच फिरलं. लहानपणी मी आईला खेटून बायकांमध्येच बसायचो, मला सगळं दिसायचं. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी आम्ही कुठल्या आळीतले हे कुणी विसरलं नव्हतं. त्या आळीतलं मंडळीत आमचं एकच घर. जोड्या लागायच्या आणि आई एकटी उरायची.

"माझी आई एकटी उरायची, हेही लिही," मी त्याला म्हणालो.

"अरे, स्मरणिकेत निगेटिव्ह कशाला? खलास, प्रिंटला जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! याची आई आमच्या पुढच्याच सतरंजीवर असायची.

"तुझ्या आईने माझ्या आईचे पाय एकदा तरी धुतले का, तेवढं सांग."

त्याने लॅपटॉपवर पुढचं पान उघडलं. मग मीच सांगितलं. पाण्याचं घमेलं सगळ्यात शेवटी आमच्याकडे यायचं. सगळ्यांच्या पायांनी गढूळ झालेल्या त्या पाण्यात आई स्वतःचे पाय स्वतःच धुवायची, पदराने पुसायची आणि सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणायची.