सुतकाच्या घरचं पाणी
कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. ओल्या वाळ्याचा वास आला की तीच मे महिन्यातली सकाळ आठवते. "अहो, दाबून भरा, गादी नाही घालायची," ती म्हणाली. पश्चिमेची लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटली की मयूर विहारमधलं आमचं घर भट्टी व्हायचं. पूर्वी बाल्कनीपुढचा कडुनिंब ती झळ अडवायचा. सोसायटीच्या सेक्रेटरीनं स्वतःची गाडी लावायला तो तोडला. ही हात जोडून आडवी गेली, तर हसून म्हणाला, "आंटीजी, एसी लगवा लो." वाळा भरला त्याच दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि हिला लू लागली. मी कैरीचं पन्हं करून आणेपर्यंत शुद्ध गेली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. संध्याकाळी तिला अग्नी देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सेक्रेटरी भेटायला आला. मी त्याला बाल्कनीच्या दाराशी, तिच्याच खुर्चीत बसवलं, दार सताड उघडलं आणि कूलर लावला नाही. थोड्या वेळानं ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "अंकल, ज़रा पानी मिलेगा?" सुतकाच्या घरचं पाणी कुणाला द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती असती तर तिनं रीत मोडून तांब्या पुढे केला असता. मी नाही मोडली, आणि आजही त्याचं वाईट वाटत नाही. तो उठायला लागला तसा मी त्याच्या खांद्यावर हात दाबून ठेवला आणि म्हटलं, "बैठिए, हवा तो अब शुरू हुई है."