अनुमोदक काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत काकांचं आडनाव कुणी घेत नसे. ते सगळ्यांचे अनुमोदक काका. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी ठराव वाचून "अनुमोदक?" म्हणायच्या आत त्यांचा उजवा हात वर गेलेला असे. टाकी धुवायची असो, वॉचमनला रेनकोट द्यायचा असो की मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं असो, "माझं अनुमोदन" ठरलेलं. बाकीच्यांना हात उचलायची सवयच राहिली नव्हती.

शहाडच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. तिथे म्हणे प्रत्येक कागदावर दुसरी सही त्यांची असायची. "पहिली सही कुणीही ठोकतो. दुसरी करणारा वाचून करतो," असं ते अभिमानाने सांगत. सभेबाहेरही त्यांचं हेच. माझ्या मुलीने इंजिनिअरिंग सोडून चित्रकलेला जायचं काढलं, तेव्हा सगळे नातेवाईक तोंड वाकडं करून बसले होते. काका चहाला आले, सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि हात वर केला. त्या हाताच्या भरवशावर आम्ही मायलेकी उभ्या राहिलो, हे मी आजही नाकारत नाही.

गाडीचंही तसंच. मी कोपरीला एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सातला पहिला पेशंट उपाशीपोटी हजर असतो, त्यामुळे उशीर चालत नाही. स्कूटरवरून जायचे. एकदा शीळफाट्याजवळ खड्ड्यात स्कूटर आडवी झाली, घोट्यात रॉड बसला आणि डॉक्टरांनी दुचाकीही बंद केली, स्टेशनचे पूलही बंद केले. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी बडोद्याला शिकायला. नोकरी सुटली असती तर घर बसलं असतं. तेव्हा काकांनीच पेपरातली जाहिरात कापून आणली. विजेवर चालणारी, एकामागे एक बसायच्या दोनच माणसांची, बाजारातली सगळ्यात स्वस्त चारचाकी. मी कां-कू करत होते. काकांनी हात वर केला आणि मी गाडी बुक केली.

गाडी एवढीशी, की बिल्डिंगमधल्या पोरांनी तिला पोळ्यांचा डबा म्हणायला सुरुवात केली. काका पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर बसले आणि गुडघे हनुवटीला टेकवून पत्रीपुलापर्यंत जाऊन आले. कशी वाटली विचारलं, तर म्हणाले, "छत्री उघडावी लागत नाही. गाडीकडून आणखी काय हवं?"

चार्जिंगसाठी मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडायचे आणि काका ती खाली उभं राहून झेलायचे, कुंड्यांमागून गाडीपर्यंत नेऊन लावायचे. चार दिवसांत अध्यक्षांची नोटीस आली, की अशी लोंबती वायर धोक्याची आहे. ते काही चूक नव्हतं. मग काकांनीच तोडगा काढला. खालच्या मीटर रूममधून, माझ्याच मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत पक्की लाइन घ्यायची. खर्च माझा, सोसायटीने नुसती परवानगी द्यायची. अर्जही त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिला गेला. "तू सूचक, मी अनुमोदक," म्हणाले. "बघू कोण नाही म्हणतं."

सभा खाली पार्किंगमध्ये भरली, माझ्या डब्याला लागूनच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय क्रमांक चार माझा. मी अर्ज वाचला. सेक्रेटरींनी "अनुमोदक?" विचारलं आणि सवयीने सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांचा हात मांडीवर होता. ऐकू गेलं नसेल म्हणून सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. काका विषयपत्रिकेची घडी घालत होते, मग त्या घडीची आणखी लहान घडी. काय करायचं कुणालाच कळेना. तो हात वर गेला नाही तर काय, हे इतक्या वर्षांत कुणी ठरवलंच नव्हतं. अध्यक्षांनी सांगून टाकलं, अनुमोदक नसल्यामुळे विषय मतदानाला घेता येत नाही, पुढचा घ्या.

पुढचा, पाचवा विषय म्हणजे काकांच्या घरावरची गच्ची. तीन पावसाळे गळत होती आणि दर वर्षी अध्यक्ष ती दुरुस्ती पुढे ढकलत होते. यंदा सूचक म्हणून अध्यक्षांनी स्वतःचंच नाव दिलं. काकांचा हात झटकन वर गेला.

सभा संपल्यावर दोघं-तिघं माझ्याजवळ येऊन हळहळले, की आम्ही केलं असतं अनुमोदन, पण काका करणारच म्हणून थांबलो. मी मान हलवली आणि लिफ्टकडे गेले. आत काका होते. दार लागलं.

"काकूचा दमा वाढलाय, वंदना," ते म्हणाले. "सगळ्या भिंतीला बुरशी आलीय. अध्यक्ष म्हणाले, एकीला लाइन दिली की उद्या सगळे मागतील; चार हवा की पाच, तुम्हीच ठरवा."

"मला आधी सांगायचं होतंत. मी दुसरा अनुमोदक शोधला असता."

"म्हणून तर सांगितलं नाही."

तिसरा मजला आला, मी उतरले. काकूंचा खोकला मलाही ऐकू यायचा. गच्चीसाठी मी त्यांना कधीच दोष दिला नाही. पण ज्या माणसाने माझा अर्ज लिहिला, त्यानेच मला तोंडघशी पाडलं आणि दुसरीकडे जायची वाटही राहू नये एवढी काळजी घेतली. याला विश्वासघाताशिवाय मला दुसरा शब्द सापडत नाही.

नंतर कुणी सांगितलं, अशी परवानगी नाकारता येत नाही, नियम आहे. असेल. माझ्यात भांडायची ताकद नव्हती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने एक प्लग दिला आणि मी रोज संध्याकाळी दळणाच्या डब्यांमध्ये स्टूल टाकून गाडी चार्ज होईपर्यंत बसू लागले. घरी जाताना केसांत पीठ असायचं. एकदा काका गव्हाचा डबा घेऊन आले, मला पाहिलं आणि पायरीवरूनच परत फिरले. तेव्हापासून ते दळणाला लांबच्या गिरणीत जात, असं गिरणीवाला म्हणाला.

दोन वर्षांनी काका-काकू खडवलीला मुलाच्या नव्या घरी राहायला निघाले. निरोपाला पुन्हा त्याच पार्किंगमध्ये सभा भरली. काकांनी सोसायटीसाठी केलेल्या कामाबद्दल आभाराचा ठराव अध्यक्षांनी मांडला. सेक्रेटरी सवयीने म्हणून गेले, "अनुमोदक?" आणि थबकले, कारण ज्यांनी हात वर करायचा, ते शाल पांघरून समोर बसले होते. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांनीही पाहिलं.

मागून कुणीतरी हात वर केला, ठराव पास झाला, टाळ्या झाल्या. तो हात माझा नव्हता.

दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते, की त्या दिवशी हात खाली ठेवताना काकांना फार जड गेलं असणार. तेवढ्या एका समजुतीवर मी त्यांना अर्धंअधिक माफही केलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि माझा हात मांडीवर होता, तेव्हा कळलं. काहीच जड जात नाही.