कोमाळीची शपथ

आमच्या कुंभकोणमच्या घरात हसवणाऱ्या माणसाला नावांचा तोटा नव्हता. थोरले काका पंगतीत लोकांना ठसका लागेपर्यंत हसवत, त्यांना गमत्या म्हणत. धाकटे काका आत्याचं लुगडं नेसून घरभर फिरत, ते सोंगाड्या. वडील शाळेत संस्कृत शिकवत, त्यांच्या तोंडी विदूषक. देवळाच्या उत्सवात नाटकाआधी टोकदार टोपी घालून नाचत येई तो कोणंगी, आणि आमची दूधवाली तमिळमध्ये या सगळ्यांना मिळून एकच म्हणे, कोमाळी. एवढी नावं, आणि सगळी कौतुकाची. मी कुणाची नक्कल केली की मात्र आई म्हणायची आगाऊ, आत्या म्हणायची फाजील. हसायच्या दोघी, पदर तोंडात कोंबून.

नकला मला फार छान यायच्या, उगीच विनय कशाला? त्यापायीच पहिलं स्थळ मोडलं. मी अठराची होते, चोपन्न-पंचावन्न साल असेल. मुलगा तंजावरचा, बघायला त्याचे मामा आलेले. ते डबऱ्यातली, म्हणजे पसरट पितळी वाटीतली, कॉफी अशी ओढत होते की शेजारच्या साक्कोट्टै गावापर्यंत ऐकू जावी. मी आत धाकट्या बहिणीला ते करून दाखवलं, आणि मधलं दार नेमकं उघडं राहिलेलं. मामांनी डबरा खाली ठेवला. "आम्ही मुलगी बघायला आलो होतो, कोमाळी नव्हे," एवढं बोलून ते चालू लागले. गोष्ट चार गावांत झाली. पुढे दीड वर्ष एक स्थळ आमच्या उंबऱ्याला शिवलं नाही. आई सुकत चालली, आणि तिच्याकडे बघून माझंही हसू आटलं.

मग तिरुनीलक्कुडीकडचं स्थळ आलं. शेतीभातीचं घर, आमच्यासारखीच मराठी माणसं. होकार कळला त्या दिवशी आईनं माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. यापुढे तोंडातून कुणाची नक्कल काढणार नाही, लग्नात नाही, सासरी नाही, अशी शपथ घ्यायला लावली. गळ्याची शपथ मोडली तर काय होतं ते आमच्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी शपथ घेतली आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. मला वाटलं, संपले मी.

आणि देवाची मस्करी बघा, सासू कशी द्यावी! आमच्या कुंभकोणमचं विड्याचं पान कोवळं, लुसलुशीत. लोक दुरून मागवून नेतात. या बाई ते पान उजेडाकडे धरायच्या, एक डोळा मिटून शिरा बघायच्या, पुढून पुसायच्या, मागून पुसायच्या, देठ खुडून त्याचा वास घ्यायच्या आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणायच्या, "चालवून घेऊ." लग्नाच्या दोन दिवसांत त्यांनी अशी शंभरेक पानं चालवून घेतली असतील. केळीची पानं, जाईचे गजरे, आमचे आचारी, सगळ्यांना तोच सुस्कारा. माझी जीभ नुसती वळवळत होती.

लग्नाच्या संध्याकाळी नलंगु झाला. तमिळ शेजाऱ्यांकडून आमच्या लग्नांत आलेला हा खेळ. नवरानवरी समोरासमोर बसून नारळ लोळवतात, एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडतात, आणि दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींची टर उडवतात. त्या दिवशी नवरीनं काहीही बोलावं, सगळं माफ. वरपक्षानं माझ्या स्वयंपाकावर गाणं म्हटलं, माझ्या उंचीवर म्हटलं. आमच्या बायका माझ्याकडे आशेनं बघत होत्या. आई माझ्या मागे बसून पाहुण्यांकडे बघून गोड हसत होती आणि पदराआडून मला चिमटे काढत होती. मी आपली नारळ लोळवत राहिले. वरपक्षातली एक म्हणालीदेखील, पोर मुकी आहे की काय.

शेवटी नवऱ्याला विडा द्यायची वेळ आली. मी तबकातलं पान उचललं आणि काय झालं कोण जाणे. शपथ तोंडाची होती, हात कुणी बांधले नव्हते. पान उजेडाकडे गेलं. एक डोळा मिटला. पुढून पुसलं, मागून पुसलं, देठ खुडला, वास घेतला, आणि सुस्कारा सुटला. नवऱ्याला आधी फुटलं. हसता हसता तो कलंडला आणि केसांतला पापडाचा चुरा त्याच्या उपरण्यावर सांडला. तेवढ्यात सासूबाई उठून माझ्यासमोर येऊन बसल्या. आईचा चिमटा तसाच माझ्या कमरेत राहिला. मला दिसत होतं ते एवढंच, की दुसरं लग्नही मी मोडलं, आणि तेही लागल्यावर.

"पुढचं म्हण की," सासूबाई म्हणाल्या. "'चालवून घेऊ' राहिलं."

मी मान हलवली. शपथ आहे म्हटलं, आईच्या गळ्याची. आईनं रडतरडत सगळं सांगून टाकलं, मामा, कॉफी, दीड वर्ष, सगळं. सासूबाई ऐकत होत्या. मामांची गोष्ट त्यांनी आधीच ऐकलेली निघाली, आणि ती ऐकूनच त्यांनी मला होकार दिला होता.

"मलाही अशीच घातली होती शपथ, नकला न करायची," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी, माझ्या लग्नाच्या दिवशी. तीस वर्षं झाली. त्या गेल्या, शपथ राहिली. माझी कोण सोडवणार, विहीणबाई?"

आईनं डोळे पुसले. एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसरा त्यांच्या हातावर.

"सुटली," ती म्हणाली. "दोघींची सुटली."

सासूबाईंनी पदर सारखा केला, पाहुण्यांकडे बघून अगदी माझ्या आईसारखं गोड गोड हसल्या, आणि पदराआडून आईलाच एक सणसणीत चिमटा काढला.