व्याह्यांसाठी व्हिनेगर

व्हिनेगर हा पदार्थ मी सत्तर वर्षं कटाक्षानं टाळला होता आणि त्यावाचून माझं काहीही अडलं नव्हतं.

ओवी, कबीर, तुम्ही पुण्याहून दर रविवारी फोनवर विचारता, ‘आजी, निखिलमामाच्या लग्नाआधीची ती गंमत सांग ना!’ पण मी सांगायला लागले की तुमचे आजोबा मधे तोंड घालतात आणि सगळी गोष्ट आपल्या बाजूनं वळवतात. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिताना मधे बोलता येत नाही. (आत्ता खांद्यावरून डोकावून वाचताहेत. वाचू देत!)

तेव्हा मामा किचनरला सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणजे इथं कॅनडात आमच्या ओकव्हिलपासून गाडीनं तासाभरावर. एमामामीशी त्याचं लग्न ठरलं होतं, पण दोघांनी राहायचं कुठं ते काही ठरत नव्हतं. एमाला बर्नाबीच्या युनिव्हर्सिटीत नोकरी आली होती, आणि बर्नाबीतच तिचे बाबा, ग्रॅहम, एकटे राहत होते. पत्नी जाऊन दोनेक वर्षं झालेली. मुलगी जवळ असावी असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. पण मलाही काही वाटत होतंच की! बर्नाबी म्हणजे कॅनडाचं दुसरं टोक. तुमची आई लग्न करून उलटी पुण्याला गेली. आता हाही तिकडे गेला, तर मी नातवंडांना काय जन्मभर स्क्रीनवरच कुरवाळायचं?

म्हणून ग्रॅहम पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार म्हटल्यावर मी मनाशी पक्कं केलं. या माणसाला असं जेवू घालायचं, की त्यानं तृप्त होऊन स्वतःच म्हणावं, ‘एमा, तू इथंच राहा. या बाईंच्या हाती तू सुखात राहशील.’

मी पुरणपोळीच करणार होते. पण एमा सहज बोलून गेली, की तिचे बाबा लहानपणी फिश अँड चिप्सच्या दुकानातच वाढले. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. झालं! पुरण रद्द.

मासे मला नवे नव्हते. माझं माहेर पुण्याचं, आमटीत गूळ घालणारं. पण सासर मालवणचं. मासे तळायला मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. बटाटे तर कुणीही तळेल. राहता राहिलं व्हिनेगर, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

ग्रोसरीत गेले तर व्हिनेगरची भिंतच उभी! पांढरं, तपकिरी माल्टचं, सफरचंदाचं, तांदळाचं, एक काळं दाट इटालियन, आणि सगळ्यात खाली खिडक्या पुसायचं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेलं. पण इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसं पानोपान चहा पितात, बटाट्यावर कुठलं व्हिनेगर घालतात ते एक लेखक सांगेल तर शपथ!

मी तिथूनच मामाला फोन लावला.

“आई, प्लीज, ओव्हरथिंक करू नकोस. इथं लोक पांढरं घालतात, केचप घालतात, काहीही घालतात.”

“लोक घालत असतील. व्याही काय घालतात?”

“आय डोन्ट नो! आई, मी मीटिंगमध्ये आहे!”

मग माझ्या मैत्रिणीला, शैलाला, फोन केला. ती जन्माची मासेखाऊ.

“अगं सुमन, माशाला कसलं व्हिनेगर? लिंबू पिळ आणि मोकळी हो!”

“शैला, तो माणूस इंग्रज आहे.”

“मग दोन लिंबं पिळ.”

शेवटी खिडक्यांचं सोडून सगळी व्हिनेगरं घेऊन मी घरी आले आणि आदल्या दिवशी रंगीत तालीम ठेवली. तुमचे आजोबा झाले ग्रॅहम. त्यांच्यापुढे चिप्स मांडल्या, प्रत्येकीवर वेगळं व्हिनेगर.

“कुठलं बरोबर वाटतंय?”

“अगं, मी केमिकल इंजिनिअर आहे. सगळं ॲसेटिक ॲसिडच. काहीही घाल.”

“अहो, नीट चव घेऊन सांगा! पोराच्या संसाराचा प्रश्न आहे!”

आजोबांनी डोळे मिटून पुन्हा सगळ्या चिप्स खाल्ल्या, ठसका लागेपर्यंत खाल्ल्या, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “याचा संसार बर्नाबीला झाला तरी चालेल, पण आता मला पाणी दे.”

फितूर! मी एकटीनंच निर्णय घेतला: माल्ट. इंग्रज माणसाला इंग्रजी व्हिनेगर. विषय संपला.

पण संपायला मी स्वस्थ बसते का? दुसऱ्या दिवशी टेबल मांडून झालं, कडक इस्त्रीचे नॅपकिन त्रिकोणी घड्या करून ठेवले, ते पुन्हा उलगडून चौकोनी केले, माशांना पीठ लावायची तयारी झाली, आणि पाहुणे यायला अजून अर्धा तास! मी उगीचच माल्टची बाटली उघडून वास घेतला. बाप रे! नाकातून थेट टाळूत! सत्तरीचा माणूस, एवढं जहाल त्याला सोसायचं कसं? आणि मग, पोरांनो, माझा हात आपोआप गुळाच्या डब्याकडे गेला. आंबट दिसलं की पुण्याच्या बाईला गूळ आठवतोच. त्यात माझा काही दोष नाही, ते रक्तातच आहे.

पण गूळ थंड व्हिनेगरमध्ये विरघळेना. म्हणून अख्खी बाटली पातेल्यात ओतली, गुळाचा चांगला मोठा खडा टाकला आणि पातेलं गॅसवर ठेवलं. शेजारच्या शेगडीवर तळणीचं तेल तापत होतंच. म्हटलं, एका मिनिटाचं काम!

तेवढ्यात ड्राइव्हवेत गाडी वाजली. अर्धा तास आधी! मी पडद्याआडून बघायला धावले. ग्रॅहम उतरले. उंच, किडकिडीत, हातात फुलं. चेहरा असा गंभीर, की जेवायला नव्हे, मायलेकाची ताटातूट करायला आलाय माणूस. मग मी साडीच्या निऱ्या नीट केल्या, आरशात कुंकू बघितलं, आजोबांना “तो स्वेटर बदला” म्हणून सांगितलं, आणि परत वळते तो काय!

स्वयंपाकघर दिसेना! व्हिनेगर भसाभसा उकळत होतं आणि त्याची वाफ अशी, की डोळे उघडले की मिटत होते आणि मिटले की झोंबत होते. तेलातून निळा धूर. आणि छतावरचा स्मोक अलार्म जिवाच्या आकांतानं बोंबलायला लागला.

“अहो! अलार्म!”

“स्वेटर बदलतोय! तूच सांगितलंस ना!”

दार उघडून मामा-मामीबरोबर ग्रॅहम आत आले आणि उंबरठ्यावरच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“डॅड, आर यू ओके?” एमा घाबरली.

“अगदी छान,” ते खोकत म्हणाले. “घर... छान आहे.”

घर त्यांना दिसत नव्हतं!

आजोबा अर्ध्या स्वेटरमध्ये, एक हात बाहीत आणि एक बाहेर, खुर्चीवर चढून टॉवेलनं अलार्मला वारा घालत होते. मामानं सगळ्या खिडक्या उघडल्या. नोव्हेंबर महिना! घरात वारा शिरला आणि माझे चौकोनी नॅपकिन हॉलभर उडाले. शेवटी सगळे विंटर जॅकेट घालून जेवायला बसले. बस उशिरा आली की स्टॉपवर माणसं दिसतात ना, हुबेहूब तशी आमची पंगत!

तेल बदलून मासे तळले, ते फक्कड झाले. पण पातेल्यात बघते तर व्हिनेगर आटून काकवी झालेली! दाट, काळपट, चिकट. आता दुसरं माल्ट कुठून आणू? मी ते गुपचूप तुपाच्या चांदीच्या भांड्यात ओतलं आणि चमच्यानं वाढायला घेतलं. आपल्यात पाहुण्यानं हातानं वाढून घेणं म्हणजे यजमानाची नाचक्की. मी भातावर तूप वाढावं तसं ग्रॅहमच्या बटाट्यांवर व्हिनेगर वाढलं.

त्यांनी हात वर केला. “सुमन, आय थिंक...”

“संकोच करू नका! घरच्यासारखं जेवा!” आणखी एक चमचा.

“नाही, मी म्हणत होतो...”

“एवढंसं काय घेता! अस्सल माल्ट आहे!” आणखी एक.

“आई!” मामा दात आवळून म्हणाला. “स्टॉप!”

“तू गप्प बैस. त्यांना सवय आहे.”

ग्रॅहमनी एक चिप उचलली. तिच्यामागून एक लांबच लांब तार आली. त्यांनी ती तोंडात घातली, बराच वेळ चावली, आणि मग शांतपणे म्हणाले, “लहानपणी दुकानातल्या व्हिनेगरच्या बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत पोरं नाक धरायची. त्यानंतर मी आयुष्यात व्हिनेगरला शिवलेलो नाही.”

वाटलं, आता अलार्म परत वाजला तर बरं! माझ्या डोळ्यांपुढून बर्नाबीचं विमान उडालं. त्यात मामा, मामी आणि माझी न जन्मलेली नातवंडं!

“अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही श्वास घ्यायला थांबला असतात तर बोललो असतो.”

आजोबा फिस्सकन हसले. (आत्ताही हसताहेत.) मी ताट उचलायला हात पुढे केला, तर ग्रॅहमनी ते आपल्याकडे ओढलं.

“राहू दे. हे व्हिनेगर नाही. हे काय आहे मला माहीत नाही, पण व्हिनेगर नक्कीच नाही.” आणि पुढची चिप खाल्ली. “माझी मार्गारेट गेल्यापासून मला कुणी असं दटावून वाढलं नव्हतं. सगळे विचारतात, तुला काय हवं? एकट्या माणसाला काय कळतंय काय हवं ते?”

मी त्यांना आणखी दोन मासे वाढले. या वेळी त्यांनी हात वर केला नाही.

निघताना दारात उभे राहून ते एमाला म्हणाले, “माझ्यासाठी म्हणून बर्नाबीला यायचं काही कारण नाही, बरं का. माझी काळजी करू नकोस.” मी देवापुढे साखर ठेवली. जिंकले! त्या रात्री मी किचनरमधली घरंसुद्धा बघायला लागले, तीन बेडरूमची.

मग एक दिवस ग्रॅहमचा फोन आला. बर्नाबीत एकट्यानं बसून काय करायचं, असा विचार करून त्यांनी ओकव्हिलमध्येच कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घेतला होता, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. मला तर आनंदच झाला. आता मुलगी बापाला सोडून कशाला जातेय!

संध्याकाळी मामाचा फोन. “आई, गुड न्यूज! एमाचे डॅड तिकडे येताहेत, म्हणजे त्यांचं बर्नाबीचं घर रिकामं होतंय. एमाला ती नोकरी हवीच होती, आणि माझी कंपनी रिमोट अलाऊ करतेय. सो, आम्ही मूव्ह करतोय! आणि आता डॅडचीही काळजी नाही. तू आहेस ना!”

तर पोरांनो, फिश अँड चिप्सवर कुठलं व्हिनेगर घालावं ते मला आजही सांगता येणार नाही. पण आग्रहानं वाढून कुणाला जवळ ठेवायचं असेल, तर आधी नीट नेम धरून वाढा. मी सुनेला धरायला बसले होते. दर शुक्रवारी जेवायला व्याही येतात, आणि गुळाचं व्हिनेगर मागून मागून घेतात!