काळाकुट्ट ईसीजी

मंगळवारी सकाळी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जिना चढताना दम लागला. आमच्या गावातल्या, माणमधल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "जुना ईसीजी आहे का?"

त्यांचं म्हणणं, यात एक बदल दिसतोय. तो जुनाच असेल तर औषधांवर भागेल, नवा असेल तर लगेच पुण्याला हलवायचं...

जुना ईसीजी होता, दोन वर्षांपूर्वीचा. आमच्या घरात कागद हरवत नाही. जमिनी विकताना एवढे एजंट आणि एवढ्या सह्या बघितल्यात की अण्णा कुठलाही कागद आधी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणतात. सातबारा, आधार कार्ड... कुत्र्याच्या लसीचं कार्डसुद्धा.

नवऱ्याला अण्णांजवळ बसवून मी स्कूटरवर घरी आले. फाईल उघडली तर प्लॅस्टिकच्या आत काळाकुट्ट कागद! एक रेघ दिसेल तर शपथ.

झेरॉक्सवाल्याने कागद बदलला, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. काळा कागद देऊन त्याला काय मिळणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझा स्वभावच तसा आहे... भाडेकरूने जास्तीची चावी मागितली तरी मी दोन दिवस त्याच्या पिशव्या बघत असते.

तशीच दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "खरा कागद कुठाय?"

तो भांडला नाही. खिशातून पेट्रोल पंपाची पावती काढली आणि लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवली. पांढरी आत गेली, काळी बाहेर आली.

"ताई, ह्याला शाई नसती. कागदालाच मसाला लावल्याला असतोय, ऊब लागली की काळा पडतो. दवाखान्याचं मशीन रेघंपुरतंच तापवतंय, माझं समदा कागद तापवतंय. अण्णांना म्हनलं व्हतं, ह्याला नको. तर म्हनले, तू मशीन चालव."

मला अजून खरं वाटेना. मग केलंतच कशाला, म्हटलं.

"त्ये ऐकत्यात व्हय कुनाचं? म्हनून मीच आधी एक झेरॉक्स काढली. ती न्हाई काळी पडत. तुमच्या फाईलीत मागं सरकवली व्हती."

फाईलीत काहीच नव्हतं. खोटारडा हा शब्द अगदी ओठांवर आला होता... तरी नवऱ्याच्या मोबाईलवर फोन लावून अण्णांना विचारलं.

"ती व्हय... ती जमिनीच्या कागदांत हाय. लोखंडी पेटीत."

पुन्हा घर, पेटी, खरेदीखतांचा गठ्ठा... आणि सापडली! रेघा स्पष्ट, तारीख स्पष्ट. उलटून बघितलं तर मागे अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं: "झेरॉक्सवाल्याने न विचारता नक्कल काढली. हेतू कळत नाही. लक्ष ठेवणे."

म्हणजे ती जपून ठेवली होती ती पुरावा म्हणून!

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तोच बदल दोन वर्षांपूर्वीही होता. "आज पुण्याला न्यायची गरज नाही, गोळ्या बदलून देतो," म्हणाले, आणि मी तिथल्या बाकावर बसून चक्क रडले.

संध्याकाळी दुकानात जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली. तो हसला आणि झेरॉक्स कशी आली होती ते बघू म्हणाला. मी पुढची बाजू दाखवली आणि कागद पटकन पर्समध्ये टाकला.

झेरॉक्सवाले दादा, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, त्यामुळे या पोस्टमध्ये मागची बाजूही आता वाचली असेल. अक्षर अण्णांचं आहे, पण दोन वर्षांपूर्वी फाईल माझ्या हातात असती तर मीही तेच लिहिलं असतं... अण्णा आज घरी आहेत ते तुमच्यामुळे. आम्हाला माफ करा.