न खाल्लेल्या पेढ्यांची कबुली

"काका, तुमचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच वेगळं आहे. साखरेचा रिपोर्ट त्याच्यामुळे चुकत होता," जालन्यातल्या लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी बायकोकडे पाहिलं. खटल्यातून सुटलेला आरोपी फिर्यादीकडे पाहत असेल, तसं.

मला मधुमेह आहे, ते खोटं नाही. पण पहिल्यांदा केल्यापासून वर्षभर माझा एचबीए१सी अकराच्या वर येत होता. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी. घरी बोटातून रक्त काढलं की मात्र साखर बराबर.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "बोटाचं रक्त त्या घटकेचं सांगतं. तपासायच्या आधी दोन दिवस सगळेच शहाण्यासारखे वागतात. हा रिपोर्ट फसत नाही."

तिथून मी घरात कैदी झालो. साखरेचा डबा बायकोच्या कपाटात, साड्यांमागे गेला. ऑफिसातून आलो की ती माझा खिसा हुंगायची. वास आला नाही तर म्हणायची, "पान खाऊन आले काय, वास लपवायला?"

नाही म्हणावं तर राग, गप्प बसावं तर संशय. शेवटी कंटाळून मी कबूल केलं. "खातो. स्टँडजवळ. दोन पेढे."

बायको रडली, मग म्हणाली, "बोलले ते बरं झालं. आता सोडा." त्या दिवशी तिनं इतक्या मायेनं वाढलं की गुन्हा केल्याचं सार्थक झालं. पुढचा रिपोर्टही तसाच आला, तेव्हा मी पेढे चारवर नेले. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि गोळ्यांचा डोस वाढवला.

मग घाम फुटू लागला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी. साखर उतरली की असं होतं हे मला माहीत होतं. त्यावर इलाज तीन-चार चमचे साखर. पण आमच्या घरात साखर कोणत्या तोंडाने मागू?

आमच्या बियाणे कंपनीच्या कामाला मंठ्याला गेलो आणि स्टँडवर कोसळलो. दवाखान्यात बोटाची साखर बेचाळीस निघाली. तिथून जालन्याला पाठवलं, बायकोही तिथे पोचली. मॅडमनी माझ्या जुन्या एचबीए१सी तपासणीत यंत्रानं काढलेला आलेख पाहिला. "हा उंचवटा इथे नको होता. काका, पेढे खरंच खाता?"

"एकही न्हाई."

"मंग कबूल कशाला केलं?" बायको.

"तू मायेनं वाढायला लागलीस म्हणून."

मॅडमनी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायला लावला आणि नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवला. हे यंत्र रेणूंना विजेचा भार देऊन त्यांचं वजन करतं. पोत्याचं वजन वेगळं भरलं की पोतं फोडायचं आणि कोणता दाणा बदललाय ते शोधायचं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. माझ्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच दाणा बदललेला होता. पण ते कळायला दोन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मी घरात जामिनावर होतो. डबा साड्यांमागेच.

"हा आजार नाही," मॅडमनी सांगितलं. "पण हा रिपोर्ट तुमच्यासाठी कायमचा निकामी. यापुढे फ्रुक्टोसामाइन करा." ती तपासणी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे हिमोग्लोबिनशी तिचा संबंध नाही. "आणि सख्ख्या भावंडांनाही तपासा."

मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. तुमचं शरीर एक सांगत असेल आणि रिपोर्ट दुसरं, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. सुटका होईल म्हणून भलतं काही कबूल करू नका. त्याचाच डोस वाढतो.

सख्खं भावंड म्हणजे घनसावंगीची माझी अक्का. तिचाही साखरेचा रिपोर्ट कैक वर्षांपासून वाईट. गेल्या दिवाळीत भरल्या पंगतीत तिला "अक्का, तोंडावर ताबा ठेव" असं म्हणणारा मीच होतो. घरी स्वतः आरोपी असताना.

रविवारी तिच्याकडे गेलो. तुझं रक्त अजून तपासायचंय, पण माझ्यासारखंच असू शकतं, असं सगळं समजावून सांगितलं. ती मेथी निवडत ऐकत होती. मग हात थांबले.

"म्हंजे मी खरंच खात नव्हते का रे, दिगू?" ती म्हणाली. "मला वाटायचं, झोपेत उठून खात असंल मी."