बापानं हाव म्हटलं

"दारू पिऊन मारलंस ना पोरीला? खरं बोल."

कॅज्युअल्टीतला डॉक्टर माह्या बापाले विचारून राहिला होता. बापाच्या अर्ध्या वयाचा. माहा गाल टम्म सुजलेला, एक डोळा मिटलेला. बाजूच्या खाटांवरचे लोक मान वळवून बापाले पाहत होते.

माही दाढ सडली होती. सरकारी दवाखान्यात दाताचं खातं सकाळी उघडे, दुपारी बंद. त्या वेळी बाप मिलमध्ये. बदली कामगार होता. खाडा केला की जागा दुसऱ्याची. बर्डीच्या बाजारातला खाजगी दाताचा डॉक्टर आमच्यासारख्यांच्या तोंडात हात घालत नसे. मंग उरली कॅज्युअल्टी. पण दाढ म्हटलं की तिथून हाकलत. म्हणून आमच्या वस्तीत सारेच सांगत, पोरगं पडलं. मार लागला म्हटलं तर निदान पाहत तरी. बापानंही तेच सांगितलं.

डॉक्टरनं वस्तीचं नाव ऐकलं अन् आपल्या मनानं ठरवूनच टाकलं.

बापानं धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली. मंग थेंब नाही. लग्नात कोणी बाटली काढली तर हा भरल्या ताटावरून उठे. आमच्यावर कधी हात नाही उगारला. त्या बापानं माह्या गालाकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

"हाव साहेब. माह्याच हातून झालं. पोरीले पाहा फक्त."

माहा जबडा उघडत नव्हता, तरी मी बोलली.

"खोटं हाये. माहा बाप पेत नाही. माही दाढ दुखते."

"मग इथं कशाला आलात? सकाळी या." त्यानं पुढच्या पेशंटले हाक मारली.

घराजवळ आल्यावर बाप म्हणाला, "काहून बोलली वं बाई? त्यानं पाहिलं असतं ना तुले." अन् रडला. बापाले रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मले त्याची कीव आली अन् त्या कीव येण्याचाच बहुत राग आला.

पुढं पू होऊन गाल बाहेरून फुटला. खड्डा राहिला. मरेपर्यंत बापानं त्या खड्ड्याकडं कधी नीट पाहिलं नाही.

आता वस्तीत कोणाची दाढ ठणकली की मी संग कॅज्युअल्टीत जाते. कोणालेच पडलं म्हणू देत नाही. दाढ दुखते, असंच सांगते अन् आम्ही सारे बाकावर बसतो. सकाळी या म्हणतात. शिपाई उठवाले येते.

आम्ही उठत नाही.